आभासी मालमत्ता, खरा हिशेब

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर रापण ओढली जाते, तेव्हा मासळीचा ढीग उघड्या वाळूवर पडतो. दोन्ही टोकांचे दोर ओढणारे हात तेथेच उभे असतात, जाळ्याचे मालक तेथेच असतात आणि टोपल्या घेऊन आलेल्या कोळणीही तेथेच असतात. मासळीला काय भाव मिळाला हे सर्वांना ऐकू येते आणि वाटे सर्वांच्या देखत पडतात. एखाद्याने दोन सुरमया टोपलीखाली सरकवल्या, तर त्याला पुन्हा त्या दोराला हात लावू देत नाहीत. आणि जाळे रिकामे आले, तर त्या दिवसाची रिकामी घागरही सर्वांच्याच घरी जाते. यांत्रिक पर्ससीन नौकांनी या पारंपरिक मासेमारीचा श्वास कोंडला असला, तरी वाटपाची ही रीत आजही प्रामाणिक हिशेबाचा वस्तुपाठ म्हणून दाखवावी अशीच आहे.

त्याच किनाऱ्यावरील तरुणाने गेल्या काही वर्षांत आणखी एक जाळे टाकले आहे. हे जाळे त्याच्या हातातील मोबाइलमध्ये असते. त्यात बिटकॉइन सापडते, इथर सापडते, कुत्र्या-मांजरांच्या नावांची नाणीही सापडतात. ही मासळी वाळूवर पडत नाही, तिचा लिलाव कुणाला ऐकू येत नाही आणि तिचे पैसे थेट बँकेच्या खात्यात उतरतात. म्हणूनच गावातील कट्ट्यावर एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘मोबायलातला कोणाक दिसता?’ प्राप्तिकराचे विवरणपत्र भरताना या विक्रीचा उल्लेख करण्याची गरज नाही, ही समजूत याच वाक्यातून जन्माला येते. ही समजूत कायद्याच्या दृष्टीने चुकीची आहे. त्याहून गंभीर गोष्ट ही, की जी कुटुंबे राष्ट्रनिष्ठेच्या गोष्टी घरी-दारी बोलतात, त्यांच्याही माजघरात ती बिनबोभाट शिरली आहे.

कायदा काय सांगतो ते प्रथम पाहू. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना आभासी चलनांच्या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले होते. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्दबातल ठरवले. त्यानंतर शासन दीर्घकाळ ना हो म्हणाले, ना नाही म्हणाले. अखेर १ फेब्रुवारी २०२२ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी अर्थसंकल्प मांडताना ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ ही नवी संज्ञा कायद्यात आणली. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात ११५बीबीएच हे कलम घालण्यात आले आणि १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या हस्तांतरणातून होणाऱ्या उत्पन्नावर सरसकट ३० टक्के कर, त्यावर ४ टक्के उपकर व लागू असल्यास अधिभार, अशी आकारणी सुरू झाली. विक्रीच्या किमतीतून केवळ खरेदीची किंमत वजा करता येते. बाकी कोणताही खर्च वजा होत नाही. उत्पन्न कमी असले तरी या रकमेला मूळ करमुक्त मर्यादेचा आसरा मिळत नाही. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का उगमस्थानी करकपातही लागू झाली. एक नाणे देऊन दुसरे नाणे घेतले, हाती एक रुपयाही आला नाही, तरी ते हस्तांतरणच होय. २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या व १ एप्रिल २०२६ पासून अमलात आलेल्या नव्या प्राप्तिकर कायद्यातही ३० टक्क्यांचा हा दर कायम आहे.

विवरणपत्रात या विक्रीसाठी स्वतंत्र तक्ता आहे. खरेदीचा दिनांक, विक्रीचा दिनांक, खरेदीची किंमत, मिळालेला मोबदला आणि उरलेले उत्पन्न, अशी एकेका व्यवहाराची नोंद तेथे करायची असते. पगारदारांच्या परिचयाचा ‘सहज’ नावाचा छोटा अर्ज यासाठी चालत नाही. त्यांना दुसऱ्या क्रमांकाचा आणि व्यवसाय म्हणून व्यवहार करणाऱ्यांना तिसऱ्या क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो. दुकानातील भेटपत्रे, विमानप्रवासाचे गुण, निष्ठागुण इत्यादी किरकोळ बाबी ३० जून २०२२ च्या अधिसूचनेने या व्याख्येबाहेर काढल्या आहेत, तेव्हा त्यांची चिंता कुणी वाहू नये.

कोकणी घराला हा सारा प्रकार परका का वाटतो, याचे कारण मात्र समजून घेतले पाहिजे. शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे. देवगडचा हापूस, वेंगुर्ल्याचा काजू, परसातील नारळ-सुपारी यांवर चाललेल्या घराला पिढ्यानपिढ्या प्राप्तिकर कचेरीचे तोंड पाहावे लागले नाही. कर ही मुंबईची गोष्ट. तो चाकरमान्याच्या पगारातून परस्पर कापला जातो, गावाकडच्यांनी त्याची उठाठेव का करावी, अशी ही मनोधारणा. ती पूर्वी निरुपद्रवी होती. आज त्याच घरातील मुलगा पुण्याला शिकतो, मुंबईला नोकरी करतो किंवा तारकर्लीला पर्यटकांच्या निवास-न्याहरीची व्यवस्था पाहतो, आणि रात्री मोबाइलवर नाणी विकतो. वडिलांचे उत्पन्न करमुक्त म्हणून मुलाची विक्री करमुक्त होत नाही, एवढी साधी गोष्ट घरात कुणीतरी स्पष्टपणे सांगण्याची वेळ आली आहे.

येथेच एक अधिक घातक मोह उभा राहतो. नाणी विकून आलेले दोन-चार लाख ‘आंब्याचे’ म्हणून दाखवले, तर कोण विचारणार? सल्ला देणारे शहाणेही भेटतात. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते कोकणच्या माणसाने कलमे राखून, फवारण्या करून, अवकाळी पावसाशी झुंजून कमावलेल्या नावाबद्दल. त्या नावाखाली दुसराच माल खपवणारा व्यापारी बागायतदारांना जितका डाचतो, तितकाच स्वतःच्या सट्ट्याचा पैसा आंब्याच्या पेटीत भरणारा घरचा मुलगाही डाचला पाहिजे. शेतीच्या करमुक्तीवर दरवर्षी कुणी ना कुणी बोट ठेवत असते. तिचा असा गैरवापर वाढला तर ती सवलत एक दिवस जाईल, आणि तिचा फटका दोनशे कलमांवर वर्ष काढणाऱ्या खऱ्या शेतकऱ्याला बसेल. कायद्याच्या भाषेत हा प्रकार उत्पन्नाची चुकीची माहिती देण्यात मोडतो आणि त्यासाठी देय कराच्या २०० टक्के इतका दंड आहे. नुसते उत्पन्न कमी दाखवले तर तो दंड ५० टक्के असतो. लपवण्यापेक्षा खोटे लिहिणे कायद्याने अधिक मोठा गुन्हा मानले आहे आणि ते योग्यच आहे.

आता ‘कोणाला दिसते’ या प्रश्नाकडे वळू. उत्तर असे, की सर्वांत आधी ते शासनालाच दिसते. भारतातील नाणेबाजारात खाते उघडताना पॅन व आधार द्यावे लागते. विक्री होताच १ टक्का कापला जातो आणि ती कपात पॅनच्या नावे जमा होऊन वार्षिक माहिती विवरणात उमटते. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने हे व्यवहार चालवणाऱ्या संस्था मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आल्या. विदेशी बाजारात खाते उघडले म्हणजे सुटका झाली असे मानणाऱ्यांनी दिल्लीत २०२३ मध्ये भारताच्या अध्यक्षतेखाली झालेल्या जी-२० परिषदेचा जाहीरनामा वाचावा. अशा मालमत्तेची माहिती देशोदेशीच्या करखात्यांनी आपापसांत देण्याच्या आराखड्याची त्वरेने अंमलबजावणी व्हावी, असे त्यात म्हटले आहे. २०२५ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने, ज्यांनी या व्यवहारांचा विवरणपत्रात उल्लेख केला नव्हता अशा हजारो करदात्यांना ईमेल पाठवून फेरविचार करण्यास सुचवले. दांडीच्या वाळूवरील मासळी एक वेळ पोलिसपाटलाच्या नजरेतून सुटेल. संगणकातील ही मासळी सुटत नाही.

परंतु एवढे सांगून थांबणे म्हणजे अर्धेच सत्य सांगणे होईल. कारण ज्या कायद्याचे पालन करण्यास सांगायचे, तो कायदा एका बाबतीत उघड उघड एकतर्फी आहे आणि त्याविषयी गप्प राहणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

समजा, मुंबईत नोकरी करणाऱ्या मालवणच्या एका तरुणाने एक नाणे १ लाख रुपयांना घेतले आणि १ लाख ८० हजारांना विकले. नफा ८० हजार. त्याच वर्षी त्याने दुसरे नाणे १ लाख २० हजारांना घेतले आणि ते ३० हजारांना विकावे लागले. तोटा ९० हजार. दोन्ही मिळून त्याच्या खिशातून १० हजार रुपये गेले. सामान्य माणसाच्या व्यवहारबुद्धीप्रमाणे येथे उत्पन्नच नाही, मग कर कसला? कायदा मात्र पहिल्या नाण्याचा ८० हजारांचा नफा उचलतो, त्यावर २४ हजार रुपये कर आणि ९६० रुपये उपकर, म्हणजे २४ हजार ९६० रुपये मागतो आणि दुसऱ्या नाण्याच्या तोट्याकडे पाठ फिरवतो. तो तोटा पहिल्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पगारातून वजा होत नाही, पुढील वर्षात ओढताही येत नाही. कापलेल्या २,१०० रुपयांची वजावट तेवढी मिळते. दहा हजारांचा खड्डा अशा रीतीने पस्तीस हजारांचा होतो. शेअर बाजारात असाच तोटा झाला असता, तर तो भांडवली नफ्यातून वजा झाला असता आणि उरलेला आठ वर्षे पुढे नेता आला असता. जाळ्यात मासळी आली की शासन टोपली घेऊन उभे; जाळे रिकामे आले की शासन घरी. अशा भागीदाराला रापणीत कुणी घेणार नाही.

याच मातीतील राज्यकारभाराची आठवण येथे अस्थानी ठरू नये. मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग किल्ला उभारणाऱ्या छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७१ च्या डिसेंबरात कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना मिठाच्या जकातीविषयी एक पत्र पाठवले. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशाचे मीठ स्वस्त पडत होते, स्वराज्यातील संगमेश्वराकडचे मीठ महाग पडत होते. व्यापारी बारदेशाकडे वळले तर आपली बंदरे ओस पडतील. म्हणून बारदेशाच्या मिठावर जकात अशी जबर बसवावी, की दोन्हींचा भाव बरोबरीला यावा, असा त्या पत्राचा आशय आहे. कर म्हणजे केवळ खजिना भरण्याचे साधन, असा विचार त्यात दिसत नाही. कुणाला सावरायचे आणि कुणाला आवरायचे, याचा विवेक त्या जकातीत आहे.

१६७६ मध्ये प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेले पत्र तर करवसुली करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या मेजावर असावे. गावोगाव फिरून कुळांची स्थिती पाहा, ज्याच्यापाशी बैल नाहीत त्याला बैलांसाठी आणि पोटासाठी तरतूद द्या, आणि ती रक्कम वाढीदिडी न करता, मुद्दल तेवढेच, त्याला तवानगी येईल तसे हळूहळू घ्या, असा त्यातील उपदेश आहे. वसुली तेथे होतीच. स्वराज्य खंडणीवाचून चालत नव्हते. पण रयतेची हानी ही वसुलीच्या हिशेबात धरायची बाब होती. हानी डोळ्यांआड करून केवळ लाभावर हात ठेवणे हा त्या परंपरेतला न्याय नव्हे.

शासनाची बाजू मांडणारे म्हणतील, की ही नाणी म्हणजे सट्टा. लॉटरीच्या बक्षिसावरही ३० टक्केच कर आहे आणि तरुणांना या नादापासून परावृत्त करण्यासाठी कायदा कठोरच हवा. या म्हणण्यात तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे. ज्या चलनामागे कोणतेही राज्य नाही, कोणतेही उत्पादन नाही, कोणताही घाम नाही, त्यात घरची पुंजी लावणे शहाणपणाचे नव्हे. महाराष्ट्राला याचा कडू अनुभव आहे. ‘गेनबिटकॉइन’ या योजनेच्या प्रकरणात पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अमित भारद्वाज याला अटक केली, तेव्हा दरमहा निश्चित परताव्याच्या आमिषाला भुलून सुशिक्षित, नोकरदार माणसांनी किती पैसा घातला होता हे समोर आले. २०२२ मध्ये त्याच तपासात साहाय्य करणाऱ्या दोघा तज्ज्ञांनाच, ज्यांपैकी एक माजी पोलिस अधिकारी होता, नाणी वळवल्याच्या आरोपावरून अटक झाली. कुंपणाने शेत खाल्ल्याच्या या आरोपावर अधिक भाष्य नको.

पण व्यसन सोडवायचे तर दुकान बंद करावे किंवा त्यावर नीट देखरेख ठेवावी. दुकान चालू ठेवायचे, गल्ल्यातून वाटा घ्यायचा आणि गिऱ्हाईक लुटले गेले की ‘आम्ही या वस्तूला मान्यता दिलेलीच नाही’ म्हणायचे, याला धोरण म्हणत नाहीत. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय ग्राहकांच्या नाणेबाजारातून सुमारे २३ कोटी डॉलर किमतीची नाणी चोरीला गेली. लाखो भारतीयांचे पैसे अडकले आणि त्यांच्या पुनर्रचनेचा निवाडा कुठे व्हावा? सिंगापूरच्या उच्च न्यायालयात! कर दिल्लीने घ्यावा आणि दाद सिंगापुरात मागावी, ही स्वतंत्र राष्ट्राच्या नागरिकाची स्थिती शोभादायक नाही. त्यातल्या त्यात दिलासा असा, की ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने याच चोरीशी संबंधित एका प्रकरणात अशी नाणी ही कायद्याच्या दृष्टीने मालमत्ताच आहे, तिचा उपभोग घेता येतो आणि ती विश्वस्तनिधी म्हणून धारण करता येते, असा निर्वाळा दिला. मालमत्ता आहे, तर तिच्या हानीलाही मान्यता हवी. किमान एका नाण्याचा तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा करू द्यावा, एवढी दुरुस्ती पुढच्या अर्थसंकल्पात करण्यास खजिन्याला फार मोठी झीज सोसावी लागणार नाही. उलट तोटा झालेले लोक स्वतःहून हिशेब दाखवायला पुढे येतील.

कायदा एकतर्फी आहे, म्हणून विक्री लपवावी काय? मुळीच नाही. अन्यायकारक तरतुदीविरुद्ध भांडण्याचा अधिकार ज्याचे कागद सरळ आहेत त्यालाच असतो. आणि या मालमत्तेच्या बाबतीत तर कागदाचे महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. कोकणात घराच्या वाट्यासाठी, सामायिक बागेसाठी, पाणंदीच्या हक्कासाठी पिढ्यान् पिढ्या दावे चालतात. पण तेथे निदान सात-बारा असतो, त्यावर नाव असते, फेरफाराची नोंद असते. मोबाइलमधील नाण्यांना सात-बारा नाही. मुलगा उद्या अपघातात गेला, तर त्याने काय घेतले होते, कुठे ठेवले होते, किती विकले होते हे आई-वडिलांना कळण्याचा मार्ग कोणता? सांकेतिक शब्द त्याच्यासोबत जातो. मागे राहते ती विवरणपत्रातील नोंद. अशा मालमत्तेला शासनदरबारी असलेला तो जवळपास एकमेव दाखला आहे.

तोट्याची विक्रीही म्हणूनच लिहिली पाहिजे, जरी त्या तोट्याचा आज काही लाभ नसला तरी. ३० हजारांची विक्री झाली, त्यावर ३०० रुपये कापले गेले, ही माहिती खात्याकडे पोहोचलेली असते. ते नाणे १ लाख २० हजारांना घेतले होते, हे करदात्याने सांगितले नाही तर खात्याने ते कुठून जाणावे? मग सगळेच ३० हजार उत्पन्न समजून विचारणा येते आणि तीन वर्षांपूर्वीची खरेदीची नोंद शोधताना घरदार पालथे घातले जाते. बाजार बंद पडला असेल तर ती नोंद मिळतही नाही. खरेदीच्या पावत्या, बँकेच्या खात्यातील नोंदी आणि नाणेबाजाराचे वार्षिक विवरण दरवर्षी उतरवून घेऊन बागेच्या कागदांच्या त्याच ट्रंकेत ठेवणे, हा यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे.

ज्यांच्याकडून मागील वर्षांत ही नोंद राहून गेली, त्यांच्यासाठीही दार उघडे आहे. २०२२ पासून अद्ययावत विवरणपत्राची सोय झाली असून २०२५ मध्ये तिची मुदत दोनवरून चार वर्षांपर्यंत वाढवण्यात आली. जितका उशीर, तितका अतिरिक्त कर अधिक. पहिल्या वर्षी तो कर व व्याजाच्या २५ टक्के असतो आणि चौथ्या वर्षी ७० टक्क्यांवर जातो. म्हणून खात्याची कारवाई सुरू होण्याआधीच ही सोय वापरणे शहाणपणाचे.

चतुर्थीला चाकरमानी गावी येतो, तेव्हा विवरणपत्राची नेहमीची ३१ जुलैची मुदत उलटून गेलेली असते. पण ज्याचे राहून गेले त्याला विलंबशुल्क भरून ३१ डिसेंबरपर्यंत ते भरता येते. माटोळी बांधून झाली, आरत्या झाल्या, की माजघरात बागेच्या फवारणीचा, गड्यांच्या मजुरीचा, सामायिक घराच्या कौलांचा हिशेब निघतोच. त्या वहीच्या शेवटी मुलाने त्या वर्षी किती नाणी घेतली, किती विकली आणि त्यावर किती कर भरला, हे तीन आकडे वडिलांनी विचारावेत आणि मुलाने लिहावेत.